मदत हवी आहे: सागवानी कपाट आडवं कापून पुन्हा जोडता येईल का?

मंडळी, घर बदललं, सगळं सामान लागलं, कपाट मात्र पाच दिवस खोलीच्या दारासमोर बोळात उभं आहे. घरातले सगळे पोट आत ओढून त्याच्या कडेने ये-जा करतात.

मापं: कपाट 84 इंच उंच, 42 रुंद, 20 खोल. दाराची चौकट आतून 29 बाय 78. बोळ 36 इंच. उभं जात नाही, आडवं केलं तर वळत नाही. चौघांनी तिरकं करून पाहिलं. चौकटीचा रंग आणि नवऱ्याच्या अंगठ्याचं सालटं तेवढं निघालं.

मग दारं उतरवली, पाठीची प्लाय काढली. ती निघताच अख्खा सांगाडा झुलायला लागला. एवढं जड सागवान, आणि त्याला काटकोनात धरून ठेवत होती ती पातळ प्लाय! कप्पे बाजूच्या फळ्यांत खाचा पाडून सरसाने चिकटवलेत. सरस गरम ओलाव्याने सुटतो म्हणून गरम पाण्याचं फडकं धरलं, रबरी हातोडीने ठोकलं. वरचा कप्पा जरा हलला, पण फळीची कपचीही उडाली. तिथेच थांबले.

सुतार म्हणतो, मधोमध कापू, आत नेऊन लोखंडी पट्ट्या मारू, तासाभराचं काम. मला पटत नाहीये. फळीच्या शिरा उभ्या आहेत. आडवं कापलं की टोकाला टोक लागणार, आणि अशा जागी फेविकॉल नुसता शोषला जातो, धरत नाही. मग सगळा भार चार-सहा स्क्रूंवर.

त्यापेक्षा जमिनीपासून 30 इंचांवर जो पक्का कप्पा आहे त्याच्या लगेच वर कापलं तर? दोन पेट्या, एकावर एक. दारं पूर्ण उंचीची आहेत, ती अखंडच ठेवायची. बंद केली की काप झाकला जाईल. पण वरच्या पेटीला तळ उरत नाही, त्याचं काय? आणि करवतीत 2-3 मिमी गेल्यावर दारं नीट बसतील?

प्रतिसाद:
जागा बरोबर निवडलीत. वरचं वजन खालीच दाबतं, त्यामुळे सांध्याला फार ताकद नको, तो सरकला नाही म्हणजे झालं. फक्त आधी कापून मग जुळवायला जाऊ नका, तिथेच घोळ होतो. आधी प्लाय परत ठोकून सांगाडा काटकोनात आणा. मग त्या कप्प्याच्या वर 3 मिमी फट सोडून, दोन्ही बाजूंच्या मध्ये बसेल अशी नवी फळी आतून पक्की करा. हाच वरच्या पेटीचा तळ. फटीत तात्पुरत्या पट्ट्या सरकवा आणि दोन्ही फळ्यांतून आरपार चार भोकं पाडून बोल्ट घालून बघा. आता बोल्ट, पट्ट्या काढा आणि त्या फटीच्या रेषेत बाजू आणि प्लाय कापा. आत नेल्यावर तेच बोल्ट त्याच भोकांत, जुळवाजुळव नाही. कापात गेलं तेवढ्याच जाडीची पट्टी मध्ये घाला, उंची तीच राहील, दारं जुन्याच बिजागऱ्यांवर बसतील. कापाच्या रेषेवर चिकटपट्टी लावा, पॉलिश उडत नाही. आणि करवत लावण्याआधी रेषेवरून चुंबक फिरवा. जुन्या कामात खिळे कुठे असतील सांगता येत नाही.

धागाकर्ती:
फ्रिजवरचं चुंबक काढून लगेच फिरवलं. डाव्या बाजूला मागच्या कडेपासून चार बोटांवर टक्कन चिकटलं. पॉलिश खरवडलं तर लांबीने (पुट्टीने) भरलेलं खिळ्याचं डोकं, नेमकं रेषेवर! नवी फळी आणि काप दोन्ही अर्धा इंच वर घेतले तर चालेल ना? तेवढी फट भरायला कप्प्यावर जाड पट्टी टाकता येईल असं वाटतंय. सुतार उद्या सकाळी येतोय, त्याआधी कळवा.