नाकाबंदीत मशीनवर ४२ आलं, तर पुढे काय?

मधला_गिअर:
रात्री ब्रेथ अॅनलायझरवर (दारू तपासायच्या मशीनवर) ४२ आलं तर ई-चलन भरून विषय मिटतो का? गाडी तिथेच ठेवतात का? आणि फुंकायलाच नकार दिला तर?

तारीख_पे_तारीख:
मिटत नाही. दारू पिऊन गाडी चालवणं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, आणि ते तडजोडीच्या, म्हणजे कोर्टाबाहेर दंड भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत (कलम २००) नाही, त्यामुळे हेल्मेटच्या चलनासारखं मोबाइलवर भरून टाकता येत नाही. खटला होतो, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावं लागतं. १०० मिलि रक्तात अल्कोहोल ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. पहिल्यांदा १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या वेळी १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही. आधी 'तीन वर्षांच्या आत पुन्हा' अशी अट होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. "गुन्हा कबूल करा, दहा हजार भरा, मोकळे व्हा" हा कट्ट्यावरचा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. कबुली म्हणजे दोषसिद्धी. आठ वर्षांनी सापडलात तरी तो दुसऱ्यांदा केलेला गुन्हाच धरला जातो.

लायसन्स पोलीस कलम २०६ खाली घेऊन आरटीओकडे पाठवतात. पावती मागून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच किमान तीन महिने निलंबन करायला सांगितलंय. आदेश हाती आल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

गाडीचं म्हणाल तर सोबत न प्यायलेला, लायसन्सवाला कोणी असेल तर बहुधा त्याच्या ताब्यात देतात. नाहीतर चौकीत.

नळी_नवी_द्या:
नकार देऊन सुटका नाही. दारूचा संशय असेल तर कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि कलम २०५ प्रमाणे तोच नकार कोर्टात तुमच्या विरोधात वापरला जातो. मात्र अटकेपासून दोन तासांत डॉक्टरांकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. अटकेची वेळ टिपून ठेवा.

फुंकण्याआधी सीलबंद नवी नळी मागा. नुकताच घोट घेतला असेल किंवा अल्कोहोलवाल्या माउथवॉशने चूळ भरली असेल तर तोंडातल्या वाफेने आकडा फुगतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा. स्लिपवरची तारीख-वेळ तपासा.

बरेच जण अडकतात ते सकाळी. शरीर तासाला १०० मिलि रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. रात्री एकला १२० असेल तर सहाला अजून ४५ च्या आसपास. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी झोप उडते, आकडा नाही.

मधला_गिअर:
आणि अपघात झाला तर विमा?

तारीख_पे_तारीख:
स्वतःच्या गाडीचा खर्च विसरा. समोरच्या जखमीला कंपनीने दिलं तरी ते पुढे गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा तिला कोर्ट अनेकदा देतं. आणि हो, प्यायलाय हे दिसत असून त्याला चावी देणारा मित्र कलम १८८ खाली येऊ शकतो, शिक्षा तीच.