माझ्या पापाचं प्रायश्चित्त दुसऱ्याने कसं घ्यायचं?

प्रश्नचिन्ह (धागाकर्ता):
शुभ शुक्रवारी मित्राबरोबर चर्चमध्ये गेलो होतो. बारा ते तीन उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं. पाचव्यापर्यंत बाकावर पाठीचं भरीत झालं, पण ऐकलं सगळं. सगळ्यांचं सार एकच: आपल्या पापांची शिक्षा येशूने भोगली, म्हणून आपण सुटलो.

माझा दंड माझा भाऊ भरू शकतो, कैद नाही भोगू शकत. निरपराध माणसाला फासावर चढवून 'झाला न्याय' म्हणणाऱ्या न्यायाधीशाला आपण काय म्हणू? बायबलमध्येच यहेज्केल 18:20 सांगतो की जो पाप करील तोच मरेल, बापाच्या पापाचा भार मुलावर नाही.

वसईकर:
तुम्ही ऐकलंत ते मुख्यतः सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन याच्या वळणाचं. त्याच्या साडेचारशे वर्षं आधी, 1098 च्या सुमारास, अॅन्सेल्म या धर्मपंडिताने वेगळं मांडलं. पाप म्हणजे देवाचा मान बुडवणं, ते ऋण. त्यावर भरपाई किंवा शिक्षा, दोनच वाटा. ख्रिस्ताने भरपाई केली म्हणून शिक्षा टळली. म्हणजे तुमच्याच भाषेत हा दंड भरणारा भाऊ, कैद भोगणारा नव्हे.

प्रश्नचिन्ह:
मान बुडाला म्हणून रुसणारा सरंजामदार! त्याचा काळच तसा होता म्हणा. मग लूक 15 मधल्या, पैसे उधळून घरी परतलेल्या उधळ्या पुत्राचा बाप कुठली भरपाई मागतो? पोरगं दुरून दिसताच धावत सुटतो, बोटात अंगठी, पायात जोडा. त्यांच्यामध्ये कोणाला मरावं लागत नाही.

आडवाट:
मेजवानीसाठी वासरू मरतं. 🙂

गंमत सोडा, मला वाटतं घोळ मराठी शब्दाने केलाय. आपल्याकडे प्रायश्चित्त ज्याचं त्याने घ्यायचं. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा प्यायल्याचं प्रकरण झालं, तेव्हा रानड्यांना स्वतःच प्रायश्चित्त घ्यावं लागलं. 'माझ्या वतीने अमुक घेईल' हे कोणी ऐकून घेतलं नसतं. त्यामुळे 'ख्रिस्ताचं प्रायश्चित्त' म्हटलं की मराठी कानाला खटकतंच.

जुनी_पोथी:
इतकं सरसकट नको. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं प्रायश्चित्त बापाने, भावाने किंवा दुसऱ्या आप्ताने करावं असं स्मृतिवचन आहे. कृच्छ्र, म्हणजे उपासाचं कडक व्रत, झेपत नसेल तर त्याऐवजी गोदान चालतं, त्याला प्रत्याम्नाय म्हणतात. बदली ही कल्पना आपल्याला परकी नाही.

प्रश्नचिन्ह:
पण तिथे मूल अजाण असतं म्हणून सूट. मी जे केलं ते पुरतं कळून केलं.

नगरी:
आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, तरी 'शिक्षा भोगली' ही भाषा मलाही टोचते. खंडणी या शब्दाचं तर विचारूच नका, येशू पुष्कळांसाठी खंडणी म्हणून जीव द्यायला आला असं सांगणारं मार्क 10:45 वाचताना हल्ली वर्तमानपत्रातली गुन्हेवार्ता आठवते. खंडणी दिली कोणाला, हा वाद जुनाच आहे. नीसाचा बिशप ग्रेगरी म्हणतो सैतानाला, आणि तीही फसवून: मानवी देहाच्या आमिषात देवत्वाचा गळ लपवला, सैतानाने तो गिळला. त्याचाच मित्र, नाझियान्झचा ग्रेगरी, ही कल्पना संतापून झिडकारतो. चौथ्या शतकातली ही गोष्ट. एकच एक उत्तर चर्चलाही कधी सापडलं नाही, आणि सगळ्या चर्चच्या बिशपांच्या कुठल्या जुन्या विश्वमान्य परिषदेने ते ठरवूनही दिलं नाही.

पण तुमच्या न्यायाधीशाच्या उदाहरणात एक चूक आहे. तिथे न्यायाधीश वेगळा, बळी वेगळा. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात (5:19) देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा समेट करत होता, असं आहे. उधारी बुडाली की खड्डा कोणाच्या तरी खिशाला पडतोच. सावकाराने वही फाडली तर त्याच्या.

प्रश्नचिन्ह:
हे पटण्यासारखं आहे. पण मग वही फाडायला पुरते, खिळे कशाला? आणि त्या दुपारी सातपैकी एकाही प्रवचनात 'समेट' हा शब्द आला नाही. 'रक्त' मात्र मोजायचं मी तिसऱ्या प्रवचनाला सोडलं.

वसईकर:
पुढच्या वर्षी आमच्याकडे या. बाक तेवढेच कडक आहेत.