सीएक्सआर कॉफी: बी धरावे की कलमे घ्यावीत?

प्रश्न: कोडगूतील मळ्यात उन्हाच्या झळांमुळे अरेबिका कॉफी काढून सीएक्सआर (रोबस्टा कॉफीचा संकरित वाण) लावावयाची आहे. निवडक झाडांच्या बियांपासून तशीच रोपे मिळतील का?

उत्तर १: नाही. अरेबिका स्वपरागित असल्याने बियांतून बव्हंशी आईसारखीच उतरते. रोबस्टाला मात्र स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून एकाच झाडाच्या बियांतून काही भरघोस फळणारी तर काही जवळजवळ वांझ अशी सर्व तऱ्हेची भावंडे निघतात. कलमे सरळ वर जाणाऱ्या धुमाऱ्यांचीच घ्यावीत, कारण आडव्या फांदीचे कलम आयुष्यभर आडवेच पसरते.

उत्तर २: सहमत, मात्र एकाच झाडाची कलमे सलग लावल्यास परक्या परागाअभावी फळधारणा फसते. कोंजेन्सिस (कॉफीचीच दुसरी जात) आणि रोबस्टा यांच्या संकरातील या वाणाचे झुडूप आटोपशीर असले, तरी फुलोऱ्याचा (कळ्या उमलवणारा) पाऊस चुकल्यास तुषार सिंचन लागतेच.

प्रश्नकर्ता: मग पाच-सहा झाडांची कलमे मिसळून लावतो.