मदत हवी आहे : नाशिकमध्ये फिल्म कॅमेरा दुरुस्त करणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,
बाबांचा पेंटॅक्स के१००० आहे. लेन्सच्या आतल्या काचेला बुरशी धरलीय; उजेडासमोर धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसतात. मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम विरघळून चिकट झालाय, त्यामुळे रोलवर उजेड जातो. शटर मात्र ठणठणीत. कॅमेरा पूर्ण मेकॅनिकल आहे, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला लागते.

मेनरोड, शालिमार, एमजी रोड, कॉलेज रोड, कुठेही लेन्स उघडून साफ करून देणारं कुणी उरलंय का? आम्ही जायचो ते दुकान बंद झालं. बाकी ठिकाणी पासपोर्ट फोटो, फ्रेम आणि मगवरची छपाई. त्यांना दोष नाही, रोल धुवायला टाकणारी गिऱ्हाइकंच राहिली नाहीत. पण आमचे दुकानदार काका निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरून सांगायचे, "इथे उजेड कमी पडलाय, पुढच्या वेळी एक स्टॉप उघड." म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं करून दुप्पट उजेड आत घे. मी फोटोग्राफी शिकलो ती त्या काउंटरवर. ऑनलाइन मागवलेल्या खोक्यात हे येत नाही.

मुंबईला बोरा बाजारातल्या कॅमेरा दुरुस्तीवाल्यांकडे न्यायची तयारी आहे, पण आधी आपल्या गावातल्या कारागिराला काम मिळावं असं मनापासून वाटतं. साधारण खर्च किती येतो, तेही सांगा. कुणी दुकान बंद करून घरून काम करत असतील, तर त्यांना विचारून मला मेसेज करा. नंबर इथे टाकू नका.