मदत हवी आहे: हॉलसाठी टाइल्सचे किती बॉक्स घेऊ?

गच्चीवरचा_वारा
हॉलमध्ये नवीन टाइल्स बसवायच्या आहेत. दुकानदार म्हणतो १३ बॉक्स लागतील, मिस्त्री म्हणतो १२ आणा, माझ्या हिशोबाने १० पुरतात. हॉल १४८ चौरस फूट आहे. कोणाचं धरू? उद्या सकाळी अ‍ॅडव्हान्स द्यायचाय, लवकर सांगा प्लीज.

नाशिककर७
टाइलची साइज? बॉक्समध्ये नग किती? स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, त्याच टाइलचं करणार का? नुसत्या चौरस फुटांवरून काय सांगणार?

गच्चीवरचा_वारा
२ बाय २ व्हिट्रिफाइड, बॉक्समध्ये ४ नग. म्हणजे १६ चौ. फूट. १४८ ला १६ ने भागलं की सव्वानऊ येतात, म्हणून १०. १३ कुठून आले तेच तर विचारतोय.

माजघर
व्हिट्रिफाइड घेऊच नका. आमच्याकडे शहाबादी आहे, वडिलांच्या लग्नाआधीची. उन्हाळ्यात त्यावर नुसतं आडवं व्हावं, पंखा लागत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर गुळगुळीत टाइलवर पाय घसरतो, त्याचा आधी विचार करा.

नाशिककर७
माजघर, त्यांनी टाइल निवडलीय हो. प्रश्न बॉक्सचा आहे.

ओळंबा
साइटवर हेच काम करतो, म्हणून सांगतो. २ बाय २ म्हणून विकतात ती ६०० मिमीची असते, पूर्ण २ फूट नाही. चार नगांचे १.४४ चौ. मीटर, म्हणजे साडेपंधरा चौ. फूट. पण क्षेत्रफळ सोडा, ओळी मोजा. हॉलची लांबी-रुंदी इंचात द्या, दारं किती तेही सांगा. स्कर्टिंगचं अजून बोलला नाहीत.

गच्चीवरचा_वारा
१४ फूट ६ इंच बाय १० फूट ३ इंच. तिन्ही दारं मिळून ८ फूट. स्कर्टिंग त्याच टाइलचं, ४ इंची. जुनी मोझॅक काढत नाहीये, वरूनच लावणार.

पुणेरी_सुतार
थांबा, वरूनच लावणार असाल तर दारांचं काय? टाइल आणि खालचा थर धरून अर्धा-पाऊण इंच उंची वाढते. दारं खालून तासावी लागतील. बाल्कनीचं पाणी आत येऊ नये म्हणून तिथला उंबराही बघून घ्या.

वाळू_सिमेंट
आणि सिमेंटवर लावू देऊ नका. व्हिट्रिफाइड पाणी जवळजवळ शोषतच नाही, सिमेंट धरणार कसं? अ‍ॅडहेसिव्हच घ्या. २० किलोच्या गोणीत साधारण ५० चौ. फूट होतं, म्हणजे तीन गोण्या.

माजघर
आमच्या शेजाऱ्यांनी सिमेंटवरच लावलीय, काही झालं नाही.

वाळू_सिमेंट
नाण्याने ठोकून बघायला सांगा. जिथे पोकळ वाजेल तिथे खाट सरकवताना कधीतरी फुटणार. इथे तर खाली पॉलिश केलेली मोझॅक आहे. टाचे मारून ती खडबडीत केल्याशिवाय अ‍ॅडहेसिव्हसुद्धा धरणार नाही.

जर्सीकर
आम्ही इकडे न्यू जर्सीत लॅमिनेट टाकलं. फळ्या एकमेकींत अडकतात, भिंतीला थोडी फट सोडायची, १०% जास्त आणायचं. वीकेंडला स्वतः केलं.

ओळंबा
हे घ्या गणित. रुंदी १२३ इंच, टाइल २३.६ इंच. एका भिंतीपासून सुरू केलं तर पाच पूर्ण ओळी आणि समोरच्या भिंतीला जेमतेम ५ इंचाची चिरोटी. ती दिसायला वाईट, आणि भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल तर एका टोकाला ५ इंच, दुसऱ्या टोकाला ४. म्हणून मधून काढा: मध्ये चार पूर्ण ओळी, दोन्ही भिंतींना सव्वाचौदा इंचाचे तुकडे. लांबीत सात टाइल, म्हणजे ६ गुणिले ७, ४२ नग.

त्या कापलेल्या १४ टाइल्सचे सव्वानऊ इंची उरलेले तुकडे फेकू देऊ नका. लांबीच्या टोकाला पावणेनऊ इंचाची पट्टी लागते, ती त्यातूनच निघते. सहा तुकडे तिथे गेले, आठ उरले. दारं वजा जाता स्कर्टिंग ४१ फूट ६ इंच, पट्ट्या साधारण २२. आठ तुकड्यांतून १६ निघतात, बाकी सहासाठी दोन टाइल. एकूण ४४. कापताना फुटतील त्यासाठी चार धरा, ४८ झाल्या. म्हणजे तुमच्या मिस्त्रीचे १२ बॉक्स बरोबर. तेराव्यातल्या चार टाइल माळ्यावर ठेवायला.

नाशिककर७
तेरावा घ्याच. दोन वर्षांनी एक टाइल फुटली की तीच शेड मिळत नाही. सगळ्या बॉक्सवर बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, हे टेम्पोतून उतरवतानाच बघायचं.

गच्चीवरचा_वारा
ओळंबा, फार उपयोग झाला. मिस्त्री म्हणत होता दारापासून सुरू करू, आता त्याला मधून लाइन मारायला सांगतो. १३ घेतो. न फोडलेला बॉक्स परत घेईल का दुकानदार?

ओळंबा
आज हो म्हणेल, नंतर नाही. अ‍ॅडव्हान्स देतानाच बिलावर लिहून घ्या. आणि हॉलचे दोन्ही कर्ण मोजून इथे टाका. त्यांत इंचाहून जास्त फरक आला तर भिंतीकडचे तुकडे परत मोजावे लागतील.

माजघर
सांधे भरायला ग्राउट कुठल्या रंगाचं घेताय?