दुबईजवळची वाळू कुंपणात, आता गाडी कुठे न्यायची?

प्रश्न: दुबईबाहेरच्या अल कुद्रा वाळवंटात फोर-बाय-फोर गाडी चालवायच्या ओळखीच्या वाटांवर आता वसाहती आणि कुंपणं. पहाटे निघून दुपारी परतता येईल असं काय उरलंय? जुने जीपीएस ट्रॅक (नोंदवून ठेवलेले मार्ग) चालतील?

उत्तर १: दुबई-हत्ता रस्त्यावरच्या बदायरच्या वाळूच्या टेकड्या. जुना ट्रॅक आधी ताज्या उपग्रहचित्रावर टाकून पाहाच. अल कुद्राकडचं मर्मूम हे राखीव क्षेत्र आहे, कुंपण ओलांडू नका. वाळूत टायरमध्ये १२ ते १५ पीएसआय हवा ठेवा. १०च्या खाली नेऊन झटक्यात वळलात तर टायर रिमवरून सुटतो.

उत्तर २: नवशिक्यांचं नुकसान मोठं, सोप्या टेकड्या शहराजवळच होत्या. अबू धाबीच्या दक्षिणेकडचं लिवा वाळवंट सुंदर, पण लांब, मुक्कामाचीच तयारी हवी. पांढरट सपाट सबखा टाळा: वर खारट पापडी, खाली चिखल. रुतलेली गाडी ओढायला सोबत दुसरी गाडी असू द्या.

उत्तर ३: डांबरावर चढण्यापूर्वी हवा पुन्हा भरा, नाहीतर टायर तापून फुटतो.