मदत हवी आहे: समुद्रघोड्यांच्या टाकीचं पाणी थंड कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी, मी वेंगुर्ल्याची. घरी समुद्रघोडे पाळायची फार इच्छा आहे, पण आधी टाकी मुरू द्यायची, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात तयार होऊ द्यायचे, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच जीव आणायचा.

खरी काळजी उन्हाळ्याची. टाकीतले समुद्रघोडे २२ ते २४ अंशांत सांभाळावेत असं अनुभवी लोक सांगतात, कारण पाणी तापलं की व्हिब्रिओसारखे जिवाणू फोफावतात. आपल्याकडे मे महिन्यात पाणी सहज तिशीपार जातं. नुसत्या पंख्यावर भागतं का, की चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच? पावसात वीज गेली तर इन्व्हर्टरवर तुम्ही काय काय चालू ठेवता?

दुसरं खाण्याचं. यांना खाल्लेलं साठवणारं जठरच नसतं, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा तरी भरवावं लागतं. गोठवलेली मायसिस कोळंबी गोव्यात किंवा कोल्हापुरात नियमित मिळते का?

पाणी मात्र मीठ कालवूनच करणार, पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी समुद्राच्या पाण्याच्या खारटपणाचा भरवसा नसतो.

आणि कृपया रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) सापडलेला समुद्रघोडा सुचवू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं २००१ पासून त्यांना संरक्षण दिलं आहे, आणि तसंही समुद्रातला जीव उचलून आणणं मला पटत नाही. टाकीतच जन्मलेले, परदेशी जातीचे कोणी रीतसर घेतले असतील तर वनखात्याकडे कोणते कागद द्यावे लागले, तेवढं सविस्तर सांगाल का?